मुलाचा मित्र आमच्याकडे राहतोय, पण कधीपर्यंत?

"मॅडम, बोलायला वाईट वाटतं, पण तो जाणार कधी?"

मुलाचा १९ वर्षांचा मित्र दोन दिवसांसाठी म्हणून आला, त्याला आता दीड महिना होत आला होता. नवरा म्हणे, ही काय धर्मशाळा आहे? मुलगा म्हणे, त्याला काढलंत तर मीही जातो. या दोघांच्या कचाट्यात सापडलेली आई माझ्यासमोर बसली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पोरगा कायमचा चिकटेल, ही भीती मी अनेक पालकांकडून ऐकते. मी विचारलं, तो घरात वागतो कसा?

"फारच चांगला. तेच तर खटकतं."

सगळ्यांच्या आधी उठून अंथरुणाची घडी घालायचा. कपाटात एक कप्पा रिकामा करून दिला होता, पण कपडे बॅगेतच. लागेल तेवढा शर्ट काढायचा आणि लगेच चेन लावायची. दुसऱ्यांदा वाढायला गेलं की ताटावर हात आडवा. ही चिकटण्याची लक्षणं नव्हेत. आज ना उद्या निघायला सांगतील, ही धास्ती ज्याच्या मानेवर असते तो असा राहतो.

तरुण मुलांचं बेघरपण बरेचदा असंच असतं. आज या मित्राकडे, उद्या त्या मावसभावाकडे, कुठेच जमलं नाही तर एखादी रात्र स्टेशनवर. त्यामुळे ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. कॅनडात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या बेघर तरुणांच्या पाहणीत १००पैकी सुमारे ४० जणांवर ही वेळ पहिल्यांदा आली, तेव्हा ते १६ वर्षांचेही नव्हते.

"त्याच्या आईला फोन करून मिटवून टाकू का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्याला विचारल्याशिवाय अजिबात नको, मी म्हटलं. नंतर तो स्वतः भेटला तेव्हा घरातल्या मारहाणीबद्दल बोलला. तो फोन झाला असता तर त्याने दुसऱ्या दिवशी बॅग उचलली असती.

नवऱ्याचं म्हणणं मात्र मला सरसकट चुकीचं वाटलं नाही. एकाच घराने सगळं ओढायचं ठरवलं की महिन्या-दोन महिन्यांत धुसफूस सुरू होते आणि मग एका रात्री भांडणात पोरगा बाहेर पडतो. ब्रिटनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या 'नाइटस्टॉप'ची रीत मला यासाठीच पटते. तिथे स्वयंसेवक कुटुंबं १६ ते २५ वयाच्या मुलांना एकेका रात्रीसाठी आपली रिकामी खोली देतात. एकच रात्र, म्हणजे कंजूषपणा वाटेल! पण घरं अनेक असतात, मागे संस्थेची माणसं असतात, म्हणून ते टिकतं.

आम्हीही भार वाटून घेतला. या घरी तीन महिने, तारखेसकट कागदावर. शनिवार-रविवार दुसऱ्या मित्राकडे. नोकरीच्या अर्जासाठी पत्ता एका नातेवाइकाचा, कारण कायमचा पत्ता नसला की नोकरीपासून बँकेच्या खात्यापर्यंत सगळंच अडतं. घरी राहिलेली प्रमाणपत्रं आणायला त्याच्यासोबत कॉलेजातले सर गेले.

तारीख सांगितली तर तो दुखावेल, असं त्या माउलीला वाटत होतं. त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे तीन महिने नक्की ना?" आतापर्यंत सगळे त्याला 'राहा रे, आपलंच घर आहे' म्हणायचे, आणि नेमकं त्यानेच त्याचा जीव टांगणीला लागायचा. गोड बोलण्यापेक्षा पक्की मुदत बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र मुदत द्यायची तर पुढची जागा शोधायला पहिल्याच आठवड्यात लागायचं. याला खोली मिळाली, पण जामीन राहायला कुणी नव्हतं म्हणून दोनदा हातची गेली. शेवटी त्याच्या नव्या कामावरचे मुकादम जामीन राहिले आणि ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा तो तिकडे गेला. ते तीन आठवडे नवऱ्याने कुरकुर न करता दिले.

तुमच्या घरी आलेलं मूल १८ वर्षांच्या आतलं असेल, तर मात्र अशी परस्पर व्यवस्था लावू नका. त्याला त्या रात्री आसरा जरूर द्या, पण बालसंरक्षण यंत्रणेला लगेच कळवा आणि तसं कळवणार आहात हे त्यालाही आधी सांगा.