दूध ओढताना कपाळावर येणारा घाम उन्हाचा नसतो

ताई, तुमचं बाळ तीन महिन्यांचं आहे, दूध पिताना मधेच थांबतं, कपाळ भिजतं, वजन सरकत नाही आणि घरातले म्हणतात, सोलापूरचा मे महिना आहे, घाम येणारच. आमच्या धाकटीचं अगदी हेच होतं आणि शेवटी दुखणं हृदयाचं निघालं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे सगळं बापाचं ज्ञान समजा.

उन्हाचा घाम झोपेतही येतो, मान-पाठ ओली होते. हिला पहाटे पंख्याखालीसुद्धा यायचा, तोही फक्त दूध ओढताना. निदान आमच्याकडे फरक असा दिसला.

जन्मानंतरच्या तपासणीत काही निघालं नव्हतं म्हणून निवांत राहू नका. हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असलं तरी सुरुवातीला फुप्फुसांतला दाब जास्त असतो, रक्त फारसं पलीकडे जात नाही, आवाजही ऐकू येत नाही. काही आठवड्यांत तो दाब उतरतो आणि मग धाप, घाम, सारखी भरणारी छाती.

त्या भरणाऱ्या छातीनंच आमचा घात केला. ज्या दवाखान्यात जायचो (नाव लिहीत नाही) तिथं दर वेळी वाफ, तेच सिरप आणि ‘कफ आहे, मोठी झाली की जाईल’. वजनाचा तक्ता कधी भरला नाही. एक्स-रे काढला, फुप्फुसं बघून फाइलला लावला. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी फाइल चाळली तर रिपोर्टात सरळ लिहिलेलं, हृदयाचा आकार मोठा. लिहिलेलं असून कोणी वाचलं नाही! तपासणीचे पैसे मात्र दर वेळी घेतले. असो, आजही राग येतो.

इथं काही जणांनी ‘निळं नाही ना, मग हृदयाचं नसेल’ असं लिहिलंय. चूक. छिद्राची कितीतरी मुलं निळी पडतच नाहीत. आणि निळेपणा बघायचाच तर जीभ आणि ओठ बघा. नवजात बाळाचे नुसते हातपाय थंडीनंही निळसर होतात. टेट्रालॉजी नावाच्या जन्मजात हृदयदोषात रडताना बाळ एकदम काळंनिळं पडतं, चालायला लागलेलं मूल खेळता खेळता उकिडवं बसतं. शाळेतलं पोर पळताना चक्कर येऊन पडलं तर ‘उपाशी होतं’ म्हणून सोडू नका. तरुणपणीच बीपी वाढलेलं आणि पायाची नाडी हाताच्या मानानं क्षीण लागते, तर महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) अरुंद असू शकते. माझ्या आतेबहिणीला वरच्या कप्प्यांमधलं छिद्र आहे हे गरोदरपणात कळलं, तोवर ठणठणीत.

मोबाइलवर बाळ झोपलेलं असताना उघड्या पोटाचा मिनिटभर व्हिडिओ काढा, श्वास मोजायला डॉक्टरांना फार उपयोग होतो. दोन महिन्यांपुढच्या बाळाचा श्वास शांत झोपेत मिनिटाला ५० किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी दाखवा. जीभ निळी दिसली किंवा बाळ दूधच घेईना, तर लगेच निघा.

खर्चाची धास्ती असेल तर अंगणवाडीताईंना आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांच्या तपासणीची सरकारी योजना) पथकाबद्दल विचारा. २०१३ पासूनची योजना आहे, १८ वर्षांपर्यंत, जन्मजात हृदयदोष त्यात येतात. बाळाचं नाव रेशनकार्डात आताच घालून घ्या, पुढे कागदांसाठी अडवतात.

आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लहान मुलांचा करणाऱ्याकडेच करा. माझं मत आहे, पण ठाम आहे. आधी एक्स-रे काढला असेल तर त्याचा रिपोर्ट आज स्वतः वाचा आणि इथं टाका, नाव झाकून.