कोरियातली जुनी बांदाजी पेटी भारतात आणता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलमधली नोकरी संपवून पुण्याला परतताय, दापसिमनीच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून घेतलेली बांदाजी (पुढून झाकण उघडणारी लाकडी पेटी) आणि एक पांढरा चिनीमातीचा वाडगा सोबत न्यायचा आहे, आणि दुकानदार ‘खुशाल न्या’ म्हणतोय.

त्याच्या शब्दावर जाऊ नका. त्याचा परवाना जुन्या वस्तू विकण्याचा आहे, त्या देशाबाहेर पाठवण्याचा नाही. पावती जपून ठेवा, पण ती निर्यातीची परवानगी नव्हे.

आधी वस्तू कधीची ते पाहा. पूर्वी 50 वर्षांहून जुनी वस्तू देशाचा ‘वारसा’ असू शकते अशा संशयाच्या कक्षेत यायची. 2024 मध्ये नियम बदलला आणि 1946 किंवा त्यानंतर घडवलेल्या कलावस्तू, ग्रंथ आणि घरगुती वापराच्या वस्तू त्यातून सुटल्या. त्याआधीची प्रत्येक वस्तू अडकतेच असं नाही. तिला ऐतिहासिक वा कलात्मक मोल आहे का, ती दुर्मीळ आहे का, हे बघून ठरतं. मात्र एकदा ‘वारसा’ ठरली की विक्रीसाठी किंवा घरी नेण्यासाठी बाहेर काढता येत नाही. परदेशातल्या प्रदर्शनासारख्या कारणांसाठीच परवानगी मिळते, तीही बहुधा परत आणण्याच्या अटीवर.

निर्णय तुमचा नाही, दुकानदाराचाही नाही. इन्चॉन, किम्हे यांसारख्या विमानतळांवर आणि बुसानसारख्या बंदरांवर वारसा-तपासणी कक्ष आहेत. तिथले तज्ज्ञ वस्तू हातात घेऊन पाहतात आणि ‘हा वारसा नाही’ असा दाखला देतात. वाडगा हुबेहूब जुन्यासारखा दिसणारा पण नवा असला तरी हा दाखला घ्याच, कारण जुनी समजली जाईल अशी वस्तूही आधी दाखवावी लागते.

बहुतेकांचं इथेच बिनसतं: वस्तू बबल-रॅपमध्ये गुंडाळून चेक-इन करून टाकतात आणि मग कक्ष शोधत बसतात. तपासणी आधी, पॅकिंग आणि चेक-इन नंतर. पेटी जहाजाने जाणार असेल तर कंटेनर भरण्याआधीच मूव्हरला हे सांगा. चारही बाजूंचे, कडी-कोयंड्याचे आणि तळाचे फोटो सोबत ठेवा.

लपवून नेण्याचा विचारही नको. राष्ट्रीय वारसा म्हणून घोषित वस्तू विनापरवाना नेली तर किमान 5 वर्षं कैद, अघोषित पण वारसा ठरणारी असेल तर किमान 3 वर्षं, आणि दोन्हींत वस्तू जप्त. हे कडक वाटेल. पण 1866 साली फ्रेंच आरमाराने गांगह्वा बेटावरून नेलेल्या राजदरबारी ग्रंथांचे 297 खंड 2011 मध्ये परतले, तेही उसनवारीवर. तो सल अजून ताजा आहे.

पेटीवर शिंपल्याचं जडावकाम असेल तर हरकत नाही. कासवाच्या पाठीचं असेल तर मात्र वन्यजीव व्यापाराचे नियम आडवे येतात आणि भारतीय कस्टम्स ती अडवू शकतं.

मुंबईला उतरल्यावर रेड चॅनलने जा, पावती आणि दाखला दाखवा. 100 वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी कस्टम्सच्या शुल्क-यादीत वेगळं शीर्षक आहे, 9706. आणि अशी वस्तू एकदा भारतात आली की आपला 1972 चा पुरावस्तू कायदा तिच्यावरही लागतो. उद्या ती पेटी अमेरिकेतल्या मुलीकडे पाठवायची म्हटलं, तर पुरातत्त्व खात्याचे उंबरठे झिजवावे लागतील.