इन्सुलिनचा सिग्नल कमी केला की प्राणी जास्त जगतात, मग इन्सुलिन घेतल्याने बाबांचं आयुष्य कमी होईल का?

नाही होणार. आणि प्लीज असलं काही वाचून त्यांचं इन्सुलिन बंद करू नका.

तुम्ही वाचलंय ते खरंय, पण ते मुळात जंतांचं आहे. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी सी. एलेगन्स पाळायचो, जेमतेम एक मिलिमीटरचे पारदर्शक जंत, प्लेटवरचे बॅक्टेरिया खातात आणि दोन-तीन आठवड्यांत संपतात. १९९३ मध्ये सिंथिया केन्यनच्या लॅबने दाखवलं की डॅफ-२ नावाचा एक जीन अर्धवट बिघडला तर हेच जंत दुप्पट जगतात, आणि १९९७ मध्ये गॅरी रुवकुनच्या लॅबने शोधलं की डॅफ-२ म्हणजे आपल्या इन्सुलिन रिसेप्टरचाच, म्हणजे पेशीवर इन्सुलिनचा निरोप घेणाऱ्या प्रोटीनचाच, जंतातला भाऊ. हा सिग्नल म्हणजे 'खायला भरपूर आहे, वाढा, पिल्लं काढा'. तो मंदावला की डॅफ-१६ नावाचं प्रोटीन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि डागडुजीचे जीन चालू करतं. डॅफ-१६ काढून टाकलं तर जास्तीचं आयुष्यही गेलं.

मोजायचं कसं, तर रोज मायक्रोस्कोपखाली प्लॅटिनमच्या तारेने एकेकाला हळूच डिवचायचं, हलला तर जिवंत. दोन आठवड्यांनी साधे जंत नुसतं डोकं हलवायचे आणि डॅफ-२ वाले अजून मस्त वळवळत असायचे, बघून खरंच गंमत वाटायची. एका वीकेंडला मात्र लाइट गेली, इन्क्युबेटर २० चा २५ च्या वर गेला आणि सोमवारी बघतो तर डॅफ-२ ची सगळी पिल्लं डॉअर झालेली, म्हणजे बारीक, तोंड बंद, वाढ थांबलेली. आमचा म्युटंट, म्हणजे बिघडलेल्या डॅफ-२ चा जंत, तापमानाला सेन्सिटिव्ह होता, गरम झालं की सिग्नल आणखी पडतो. महिनाभराचं काम पाण्यात.

तर सगळा खेळ किती कमी आणि कुठे कमी याचा आहे. उंदरात फक्त चरबीतला इन्सुलिन रिसेप्टर काढला तर ते साधारण १८ टक्के जास्त जगले (२००३). पण तोच रिसेप्टर सगळ्या शरीरातून काढलेली पिल्लं जन्मल्यावर थोड्याच दिवसांत मरतात, शुगर प्रचंड वाढून आणि रक्त आम्लधर्मी होऊन. बाबांचा प्रॉब्लेम या दुसऱ्या टोकाच्या बाजूचा आहे, त्यांच्यात सिग्नल आधीच कमी पडतोय आणि इंजेक्शन ती तूट भरून काढतंय.