मार्चमधलं ऊन आणि वांग्याची रोपं

ताई, दोन दिवस छान ऊन पडलं म्हणून वांगी-मिरचीची रोपं डेकवर ठेवली, तिसऱ्या सकाळी ती काळी पडली, आणि खिडकीतली उरलेली उंच, लुकडी होऊन कोलमडताहेत, असं तुम्ही लिहिलंय. वाचून फार वाईट वाटलं. न्यू जर्सीत आपल्यापैकी कितीतरी जणांची रोपं दर वर्षी अशीच जातात.

इथे हवा आधी तापते, माती फार उशिरा. मार्चमध्ये दुपारी 70 फॅरनहाइट असलं तरी चार इंच खाली माती 45 च्या आसपास असू शकते. म्हणून मातीत खुपसायचा थर्मामीटर आणा आणि सकाळी मोजा. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर अंदाजात 36 दिसत असूनही पानांवर फ्रॉस्ट (गोठलेल्या दवाचा थर) पडतो, कारण जमिनीलगत हवा आणखी गार होते.

तुम्ही तुमचा झोन 7 सांगितलात, म्हणजे झाडं कुठे तगतील हे दाखवणाऱ्या अमेरिकी नकाशातला विभाग. झोनवरून फक्त हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानाची कल्पना येते, शेवटच्या फ्रॉस्टची तारीख कळत नाही. मध्य न्यू जर्सीत तो साधारण एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला पडतो, कधी त्यानंतरही. 18 मे 2023 च्या पहाटे न्यूयॉर्क आणि व्हरमाँटमध्ये द्राक्षं-सफरचंदांचं मोठं नुकसान झालं होतं. तेव्हा वांगी, मिरची, भेंडी मेच्या उत्तरार्धातच बाहेर लावा. रात्री 55 च्या वर राहायला लागल्या की लावलेलं वांगं, महिनाभर आधी लावून गारठ्यात खुंटलेल्या रोपाला सहज गाठतं. भेंडीला तर माती 65 हवीच, नाहीतर बी कुजतं.

खिडकीतल्या रोपांना उजेड कमी पडतोय. साधा एलईडी दिवा रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगा, रोज 14-16 तास चालू ठेवा, पाणी कमी करा आणि छोटा पंखा लावा. बुडाशी बारीक होऊन आडवी पडलेली रोपं वाचत नाहीत, ती काढून टाका; ओल्या मातीतली बुरशी शेजारच्या रोपांनाही धरते. मिरचीचं बी मार्चअखेरपर्यंत पुन्हा पेरलंत तरी चालेल.

हात शिवशिवत असतील तर मटार, पालक, मुळा आत्ता पेरा. मेथी-कोथिंबीर एप्रिलमध्ये टाका. पण आधी वाफसा येऊ द्या, म्हणजे माती खणण्याजोगी सुकू द्या. मूठभर माती दाबून बोटाने टोकरा. भुगा झाला तरच खणा, चिखलाचा गोळा राहिला तर थांबा. ओली चिकणमाती खणली की ढेकळं विटेसारखी वाळतात आणि सबंध हंगाम मुळं अडतात. मला वाटतं, फ्रॉस्टपेक्षा या घाईनेच इथल्या बागा जास्त बिघडतात.

मेमध्ये रोपं बाहेर काढताना पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग आठ-दहा दिवसांत हळूहळू उन्हात न्या. कढीपत्त्याची कुंडी मात्र रात्री 50 च्या खाली जाईनाशा झाल्यावरच बाहेर काढा. त्याची पानं आत्ता गळत असतील तर पाणी वाढवू नका, खोडावर नखाने हलकं खरवडून बघा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. नाहीतर फोटो टाका, बघून सांगते.