शासनाच्या अहवालासाठी थांबू नका

तुम्ही लिहिलंय की संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या करारावर तुमचा पाच जणांचा गट पर्यायी अहवाल लिहिणार आहे, म्हणजे कराराचं पालन तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीला शासनाखेरीज संघटनांनी द्यायचा अहवाल. माहिती बरीचशी गोळा झाली आहे, फक्त शासनाचा अहवाल अजून बाहेर आलेला नाही. तो आला की मुद्देसूद उत्तर लिहायला बसणार. हे वाचून पोटात गोळा आला, कारण काही वर्षांपूर्वी आमच्या बैठकीच्या इतिवृत्तात जवळजवळ हेच वाक्य होतं. त्या थांबण्याची किंमत आम्ही अजून मोजतोय.

आधीच सांगते, मी वकील नाही. दोनदा या प्रक्रियेतून गेले आहे, त्यातली पहिली खेप फसलेली. प्रत्येक समितीचे नियम वेगळे असतात आणि बदलतही राहतात, त्यामुळे तारखा आणि शब्दमर्यादा समितीच्या पानावरूनच घ्या, माझ्यावर विसंबू नका. करार म्हणजे काय, समिती कशी निवडली जाते वगैरे तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडून देते.

आमच्या डोक्यात जुना क्रम पक्का बसला होता. शासन अहवाल पाठवतं, मग समिती प्रश्नयादी काढते, शासन लेखी उत्तरं देतं, मग जिनिव्हात समोरासमोर चर्चा होते आणि शेवटी समितीची अंतिम निरीक्षणं, म्हणजे तिचे निष्कर्ष आणि शिफारशी, येतात. या क्रमात शासनाचा अहवाल पहिला, म्हणून आपलं काम त्यानंतर. पर्यायी अहवालाला ‘शॅडो रिपोर्ट’ म्हणजे सावली-अहवाल म्हणतात, त्या शब्दानेही आमचा घात केला. सावली माणसाच्या मागूनच येणार, असं आम्ही धरून चाललो.

पण अनेक देशांसाठी हा क्रम आता उलटा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने २००७ मध्ये सोपी अहवाल-पद्धत सुरू केली आणि मग बाकीच्या समित्यांनीही ती घेतली. यात समिती आधी प्रश्नयादी पाठवते, आणि त्या प्रश्नांची उत्तरं हाच शासनाचा अहवाल असतो. म्हणजे दार उघडं असतं ते शासनाने एक ओळही लिहिण्याआधी. प्रश्नयादी मंजूर झाली की पुढच्या सगळ्या गाडीचे रूळ टाकून झालेले असतात.

आता त्या कार्यालयाबद्दल. नाव घेणार नाही. देशाच्या वतीने हा अहवाल तयार करण्याचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना आम्ही पत्र पाठवलं: अहवाल कधी येणार, आम्हाला मत द्यायचं आहे. दोन महिन्यांनी दोन ओळी आल्या. ‘अहवालाचे काम प्रक्रियेत आहे. अंतिम झाल्यावर आपणांस कळविण्यात येईल.’ आम्ही खूश झालो. ते पत्र फाइलला लावलं, पुढच्या बैठकीत वाचूनही दाखवलं. मग फोन केले. साहेब रजेवर, टेबल बदललं, फाइल दुसऱ्या कक्षाकडे, पुढच्या आठवड्यात करा. असे सात महिने गेले.

चीड कशाची येते सांगू? ते खोटं बोलत नव्हते. काम खरंच प्रक्रियेत होतं, कारण प्रश्नयादी येऊन पडली होती आणि तिची उत्तरं तिथे लिहिली जात होती! आम्ही ‘अहवाल कधी’ एवढंच विचारत राहिलो, ‘प्रश्न आले का’ हे विचारलंच नाही. आणि विचारलं नाही म्हणून समोरून कोणी सांगितलंही नाही. वास्तविक या कराराचं कलम ४(३) दिव्यांग व्यक्तींशी आणि त्यांच्या संघटनांशी सल्लामसलत करायला सांगतं, आणि कलम ३३(३) देखरेखीत नागरी समाजाला पूर्ण सहभाग देतं. ही दोन्ही कलमं आम्ही त्याच पत्रात लिहिली होती. असो. त्यांना शिव्या घालून झाल्यावर मान्य करावं लागलं की ती प्रश्नयादी समितीच्या पानावर सगळ्या जगासाठी उघडी होती. आमच्यापैकी एकानेही ते पान उघडलं नव्हतं, कारण आम्ही त्या पत्राच्या भरवशावर होतो.

आमचा विषय होता घरापासून दूर निवासी संस्थांमध्ये ठेवलेली दिव्यांग मुलं. कलम १९, म्हणजे समाजात राहून जगण्याचा हक्क. प्रश्नयादीत त्यावर एकही प्रश्न नव्हता. नियतकालिक अहवालाला २१,२०० शब्दांची मर्यादा आहे, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या २०१४ च्या ठरावाने घातलेली. शब्द मोजून लिहायचे असताना न विचारलेल्या विषयावर कोण खर्च करणार? शासनाच्या अहवालात त्या मुलांचा उल्लेखच आला नाही. मग आम्ही धावतपळत ७० पानांचा अहवाल पाठवला. चर्चा झाली दोन दिवसांत मिळून सहा तास. अख्ख्या देशाचे सगळे विषय त्या सहा तासांत. शेवटच्या फेरीत एका सदस्याने आमचा प्रश्न विचारला, शासनाचं शिष्टमंडळ म्हणालं लेखी कळवू, आणि वेळ संपली. अंतिम निरीक्षणांत आमच्या वाट्याला अर्धं वाक्य आलं: शासनाने या बाबीकडे ‘लक्ष द्यावे’. ते घेऊन कुठल्याही अधिकाऱ्याकडे गेलात तर तो म्हणतो, आम्ही लक्ष देतोच आहोत.

करारात पुढचा अहवाल किमान दर चार वर्षांनी असं लिहिलंय. कागदावर. समित्यांकडे तुंबलेले अहवाल आणि संयुक्त राष्ट्रांकडची पैशांची चणचण पाहता चार वर्षांवर मुळीच भिस्त ठेवू नका. समित्यांच्या अध्यक्षांनीच २०२२ मध्ये पूर्ण आढाव्यासाठी आठ वर्षांच्या वेळापत्रकाची बाजू घेतली. एक संधी हुकली की संस्थेतलं दहा वर्षांचं मूल पुढच्या खेपेला मूल राहत नाही.

म्हणून पहिलं काम: तुमच्या देशाला या समितीची सोपी पद्धत लागू आहे का, ते बघा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाच्या संकेतस्थळावर करार-समित्यांच्या कागदपत्रांचा डेटाबेस आहे. देश निवडा, करार निवडा, शेवटच्या कागदपत्रांची यादी बघा. ‘अहवालापूर्वीची प्रश्नयादी’ अशा अर्थाचं काही आधीच दिसलं, तर तुम्ही आमच्याच बोटीत आहात, पण सगळं बुडालेलं नाही. चर्चेच्या आधी आणखी एकदा माहिती पाठवता येते. काहीच दिसलं नाही, तर येत्या सत्रांमध्ये देशाचं नाव कुठे आहे ते शोधा आणि समितीच्या सचिवालयाला सरळ ईमेल करा. माझा अनुभव असा की तिथली माणसं उत्तर देतात, आणि आमच्या त्या कार्यालयापेक्षा लवकर देतात. शिवाय या करारासाठी इंटरनॅशनल डिसॅबिलिटी अलायन्स संघटनांना मदत करते. बालहक्कांचं असेल तर चाइल्ड राइट्स कनेक्ट, महिलांच्या कराराला इवरॉ एशिया पॅसिफिक. त्यांना विचारायला लाजू नका. आम्ही लाजलो, आपल्याला सगळं येतं या गुर्मीत.

लिहिण्याबद्दल थोडंच. ७० पानं कोणी वाचत नाही. समितीत १८ सदस्य असतात, ते पगारी नोकर नाहीत, आणि एका सत्रात अनेक देशांचे कागद त्यांच्यासमोर असतात. प्रश्नयादीच्या टप्प्यावर तर तुमचं काम फक्त एवढंच की सदस्याला जसाच्या तसा उचलता येईल असा प्रश्न हातात द्यायचा. ‘मुलांच्या स्थितीची माहिती द्यावी’ असा नको, त्यावर शासन योजनांची नावं लिहून मोकळं होतं. ‘संस्थांमध्ये किती दिव्यांग मुलं आहेत, वय, लिंग आणि अपंगत्वाच्या प्रकारानुसार, मागच्या पाच वर्षांत किती मुलं कुटुंबात परतली, त्यासाठी किती तरतूद केली आणि किती खर्च झाली’ असा हवा. आकडे नसतील तर नाहीत हे शासनालाच लिहावं लागतं, आणि आकडेवारी गोळा करणं हे कलम ३१ चं बंधन आहे. समितीची २०१७ ची कलम १९ वरची सामान्य टिप्पणी (कलमाचा समितीने लावलेला अर्थ) आणि संस्थामुक्तीवरची, म्हणजे लोकांना संस्थांमधून समाजात परत आणण्यावरची, २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं हाताशी ठेवा. समितीला तिचीच भाषा परत दिली की काम सोपं होतं.

आघाडी करून एकच संयुक्त अहवाल द्या असं सगळे सांगतात. माझं मत जरा वाकडं आहे. आमच्या आघाडीत १४ संघटना, प्रत्येकीला आपला परिच्छेद हवा, आणि शेवटी कशालाच धार नसलेली खिचडी झाली. संयुक्त अहवाल द्याच, पण पहिल्या पानावर तीनच मागण्या ठेवायचं धाडस असेल तर. नसेल तर एका विषयाचा छोटा वेगळा अहवाल बरा. यावर या मंचावरचे जुने सदस्य माझ्याशी भांडतील, भांडू देत.

एक गोष्ट मात्र मत म्हणून सांगत नाही. तुम्ही पाठवलेला कागद सहसा समितीच्या पानावर जाहीर होतो. मुलांची नावं, संस्थेचा पत्ता, ओळख पटेल असा तपशील त्यात घालू नका, आणि गरज असेल तर गोपनीय ठेवा असं पाठवतानाच लिहा. माहिती दिल्याबद्दल कोणाला त्रास झाला तर तेही समितीला कळवता येतं. सूड आणि धमक्यांविरुद्ध २०१५ ची सान होजे मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठीच आहेत. तरी त्यांच्यावर सगळा भार टाकू नका, जिनिव्हाहून कोणी पोलीस येत नाही.

जिनिव्हावरून आठवलं. विमानाच्या तिकिटांसाठी वर्गणी काढू नका, निदान सगळे पैसे त्यात घालू नका. दुसऱ्या खेपेला आमची एकच व्यक्ती गेली, बाकीचे घरी बसून यूएन वेब टीव्हीवर चर्चा बघत होते. आम्ही घड्याळ लावून शिष्टमंडळाचं प्रत्येक उत्तर मिनिटासकट टिपून घेतलं. तोंडी दिलेली तीन आश्वासनं अशी हाती लागली जी अहवालात नव्हती. घरी त्या कागदाचा जेवढा उपयोग झाला, तेवढा अंतिम निरीक्षणांचाही नाही. ‘आपण असं म्हणालात’ यावर अधिकाऱ्याला लक्ष देतो आहोत असं म्हणता येत नाही.

निरीक्षणं आली की ती लोकांच्या भाषेत आणा. हे शासनाने करायचं असतं, पण वाट बघू नका. वाट बघण्याचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. सोप्या वाचनाची आवृत्ती आणि सांकेतिक भाषेतला व्हिडिओही करा, नाहीतर ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांनाच कळत नाही. मग प्रत्येक शिफारस कोणत्या खात्याची ते ठरवून त्या त्या खात्याला वेगळं पत्र लिहा. सगळ्यांना एकच गठ्ठा पाठवला तर प्रत्येक जण तो दुसऱ्याचा समजतो. अंमलबजावणी आणि अहवालासाठी कायमची राष्ट्रीय यंत्रणा असलेले देश आहेत, तुमच्याकडे असेल तर तिच्या बैठकीत जागा मागा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग असेल तर तोही समितीला स्वतंत्रपणे माहिती देऊ शकतो. आमच्याकडच्या आयोगाला आमचा विषय पटवायला एक चहा आणि दोन पानं पुरली. तेच पहिल्या खेपेला सुचलं नव्हतं.

फार लांबलं. आज रात्री ते पान उघडून प्रश्नयादी आली आहे का एवढंच बघा आणि तिथली तारीख इथे लिहा. आली नसेल तर तुमच्या कच्च्या प्रश्नांवरून एकदा नजर फिरवायला मी तयार आहे, तीनपेक्षा जास्त पाठवू नका.