ट्रकच्या गाण्यामागे रडतं ते कोण?

प्रश्न : सर, नमस्कार. माझे बाबा उसगाव-तिस्क पट्ट्यात खनिजाचा ट्रक चालवायचे. २०१२ ला खाणी बंद पडल्या, ट्रक दोन वर्षं दारात उभा राहिला, मग विकला. बाबा आता नाहीत. चतुर्थीच्या साफसफाईत त्यांची एक कॅसेट मिळाली, बोटीवर नोकरी करणाऱ्या शेजाऱ्यानं आणून दिलेली, वर पेनानं फक्त ‘ट्रक साँग्स’ लिहिलंय. सगळी अमेरिकन गाणी. बाबांना इंग्लिश जेमतेम कळायचं तरी रात्रीच्या खेपेला हीच कॅसेट लावायचे. गाणाऱ्याच्या मागे एक वाद्य आहे ते अगदी माणसासारखं रडतं. ते कुठलं वाद्य आणि वाजवणारे कोण? नावं कुठेच नाहीत. — एक वाचक, उसगाव

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी आधी माझ्याकडची तसली गाणी काढून रात्रभर ऐकली, मग लिहायला बसलो. ते वाद्य म्हणजे स्टील गिटार. मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरून ती तारांवरून सरकवायची, तार कुठेही दाबायची नाही. म्हणून सूर पायऱ्या चढत नाही, घसरत जातो.

आता माणसं. ट्रकवाल्यांवरचं पहिलं गाजलेलं गाणं १९३९ चं, ‘ट्रक ड्रायव्हर्स ब्लूज’. क्लिफ ब्रुनर या टेक्सासच्या फिडलवाल्याच्या बँडनं ते रेकॉर्ड केलं, गायला मून मलिकन. लिहिलं कोणी, तर टेड डॅफननं, आणि डॅफन स्वतः स्टील गिटार वाजवणारा! म्हणजे या गाण्यांची सुरुवातच स्टीलवाल्याच्या हातून झाली. सांगतात की रस्त्याकडेच्या खानावळीत ट्रकवाले आत आले की चहाकॉफी मागवायच्या आधी ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकतात हे त्यानं बघितलं होतं. ब्रुनरच्या त्या बँडमध्ये स्टीलवर होता बॉब डन. हे नाव लिहून ठेवा. १९३५ मध्ये मिल्टन ब्राऊनच्या बँडबरोबर यानं विजेवर चालणारी स्टील रेकॉर्ड केली, कंट्री संगीतात, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांत, विजेचं वाद्य रेकॉर्डवर आलं ते तेव्हा. साधीच गिटार, तारा उंच केलेल्या, आणि त्या तारा लोहचुंबकानं भारून घ्याव्या लागायच्या नाहीतर पिकअपला, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाला, आवाजच पकडता यायचा नाही. डन ट्रॉम्बोनही वाजवायचा, त्यामुळे त्याच्या स्टीलमध्ये हवाई बेटांचा गोडवा (वाद्य मूळ तिथलं) कमी आणि ब्रासबँडचा ठसका जास्त.

तुमच्या कॅसेटमधली गाणी मात्र वर्णनावरून साठ-सत्तरच्या दशकातली वाटतात, म्हणजे पेडल स्टील. पेडल आली आणि सगळंच बदललं. १९५४ मध्ये वेब पियर्सचं ‘स्लोली’ गाजलं, त्यात बड आयझॅक्सनं तार वाजत असतानाच पायानं पेडल दाबलं आणि वाजत्या सुरांतले काही सूर जागच्या जागी वर सरकले, बाकीचे तसेच राहिले. ऐकणाऱ्या स्टीलवाल्यांना कळेना हे होतं कसं, मग जो तो आपापल्या वाद्याखाली तारा नि दांड्या जोडायला लागला.

हे नेमकं काय होतं ते आपल्या भाषेत सांगतो. दहा तारांच्या वाद्यावर षड्ज धरून सा ग प वाजवा. पहिलं पेडल दाबलं की प चा ध होतो, दुसरं दाबलं की ग चा म होतो, सा हलत नाही. दोन्ही एकदम दाबली की सा ग प चा सा म ध झाला! पण पाय हळूहळू दाबला तर मधल्या सगळ्या श्रुती ऐकू येतात, आणि तुम्ही म्हणता ते रडणं तिथे आहे, त्या प आणि ध च्या मधल्या जागेत. उजवा पाय वेगळ्या पेडलवर, त्यानं आवाज कमीजास्त करायचा, म्हणजे तार छेडल्याचा टणत्कार झाकून सूर कुठून आला हे कळूच द्यायचं नाही. दोन हात, दोन पाय आणि दोन्ही गुडघे, सगळं एका वेळी कामात असतं, कारण गुडघ्यांनी ढकलायचे लिव्हरही असतात. आपल्या ट्रक ड्रायव्हरचंही तेच ना, क्लच, ब्रेक, गियर, स्टिअरिंग आणि नजर घाटातल्या वळणावर.

ट्रकच्या गाण्यांचा खरा बालेकिल्ला कॅलिफोर्नियातलं बेकर्सफिल्ड. तेलविहिरी, कापसाची शेतं आणि ओक्लाहोमाकडून पोटासाठी आलेली माणसं. रेड सिम्पसन तिथलाच, १९६६ चं ‘रोल ट्रक रोल’ त्याचं. त्या गावचा स्टीलचा आवाज घडवला राल्फ मूनीनं. वरच्या पातळ तारांवर टुणटुण उड्या मारत जाणारा, कडक, झणझणीत. गायक मर्ल हॅगार्डच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर तो आहे, पुढे गायक वेलन जेनिंग्जकडे वीसेक वर्षं होता. गंमत म्हणजे रे प्राइसचं १९५६ चं ‘क्रेझी आर्म्स’ आठवड्यांमागून आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं ते गाणं याच मूनीनं चक सील्सबरोबर लिहिलेलं, आणि गाणं ऐकणाऱ्या शंभरातल्या एकालाही ते माहीत नसतं. गायक बक ओवेन्सच्या बँडमध्ये स्टीलवर टॉम ब्रम्ली. ‘टुगेदर अगेन’ १९६४ चं, ट्रकचं गाणं नव्हे पण त्यातला ब्रम्लीचा तुकडा ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका, इतक्या कमी सुरांत इतकं दुःख मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. मर्ल हॅगार्डकडे १९६७ पासून नॉर्म हॅमलेट. ट्रकवाल्यांवरच्या टीव्ही मालिकेचं ‘मूव्हिन ऑन’ हे गाणं १९७५ मध्ये पहिल्या नंबरावर गेलं तेव्हा हॅगार्डच्या बँडचा स्टीलवाला हाच.

मग लांब केसवाली पोरं आली. लिटल फीट या बँडचं ‘विलिन’ हे ट्रकवाल्याचं गाणं दोनदा आल्बमवर आलंय. १९७१ ला पहिल्यांदा, तेव्हा बँडचा गायक-गिटारवाला लोवेल जॉर्ज याच्या हाताला दुखापत झाली होती म्हणून स्लाइड, म्हणजे बोटात नळी घालून तारांवर सरकवायची गिटार, वाजवली राय कूडरनं. १९७२ ला दुसऱ्यांदा, तेव्हा पेडल स्टीलवर स्नीकी पीट क्लाइनो, जो एरवी सिनेमात मातीच्या बाहुल्या हलवून ॲनिमेशन करायचा. बाहुली एका वेळी केसभर हलवायची सवय असलेला माणूस सूरही तसाच केसाकेसानं सरकवतो असं मला त्याला ऐकताना नेहमी वाटतं. त्याच वर्षी कमांडर कोडीच्या बँडनं ट्रकवाल्यांसाठी अख्खा आल्बमच काढला, त्यात स्टीलवर बॉबी ब्लॅक.

नावं का नाहीत विचारलंत. तेव्हाच्या छोट्या रेकॉर्डच्या लेबलवर गायक, गीतकार, कंपनी एवढंच छापायचे. नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या शहरात तीन तासांचं एक सेशन, त्यात साधारण चार गाणी उरकायची, ठरलेले पैसे घ्यायचे आणि पुढच्या स्टुडिओत जायचं. लॉइड ग्रीन, बडी एमन्स, पीट ड्रेक, वेल्डन मायरिक या स्टीलवाल्यांनी अशी किती गाणी सजवली याची मोजदाद नाही. गोंयकाराला हे समजावून सांगावं लागू नये. रेइश मागूशचे सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, मुंबईच्या सिनेमात सुरांची मांडणी करणारे, व्हायोलिनवर बसणारे, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून गेलेले आपले किती जण, आणि पडद्यावर नाव दुसऱ्याचंच. गोन्साल्विसांचं नाव घरोघरी गेलं ते शिष्यानं, प्यारेलालनं, १९७७ च्या गाण्यात घातलं म्हणून. म्हणूनच कॅसेटवर नाव नाही म्हणजे माणूस नाही असं धरून चालू नका. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, भजनात पखवाज कोणाचा आहे हे आपण देवळाच्या पायरीवरून ओळखतो तसंच. तीनचार वेळा ऐकलंत की उड्या मारणारा मूनी आणि लांब श्वासाचा ब्रम्ली तुम्हाला वेगळे कळायला लागतील.

प्रश्न : ‘सिक्स डेज ऑन द रोड’ मध्ये स्टील कोणी वाजवलीय? आमच्यात पैज लागलीय. — वास्को

उत्तर : डेव्ह डडलीचं, १९६३ चं. त्यातला जो तुकडा तुमच्या कानात बसलाय तो स्टीलचा नाही, जिमी कोल्वार्डची साधी इलेक्ट्रिक गिटार आहे, खालच्या जाड तारांवर वाजवलेली. ट्रकच्या गाण्यांचा ठेका त्या रेकॉर्डनं ठरवला असं म्हटलं तरी चालेल. फ्लाइंग बरिटो ब्रदर्सनी १९६९ ला आल्टामाँटच्या मैदानात हेच गाणं केलं तेव्हा मात्र स्टील होती, वाजवणारा वर आलेला स्नीकी पीट.

प्रश्न : मी फोंड्याकडे भजनात पेटी वाजवतो. हे स्टील गिटारचं ऐकलं की मला मींडच ऐकू येते, पेटीवर ती काढता येत नाही याचं आयुष्यभर दुःख. आपल्याकडे हे वाद्य कसं आलं? — फोंडा

उत्तर : तुमचं दुःख माझंही आहे. वाद्य हवाई बेटांवरचं. १८८० च्या दशकात लाइये गावच्या जोसेफ केकुकू या पोरानं गिटारच्या तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून ही पद्धत बसवली असं मानतात, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाई गाण्याचं वेड लागलं आणि तिथून ते टेक्सासच्या बॉब डनपर्यंत गेलं. आपल्याकडे दुसऱ्या वाटेनं आलं. टाउ मो हा हवाईयन वादक १९४० च्या दशकात कुटुंबासकट कोलकात्यात राहिला, शिकवलं, वाद्यं दिली. बंगालमध्ये घराघरात हवाईयन गिटार पोचली, हिंदी सिनेमात व्हॅन शिपलीनं वाजवली. ब्रिजभूषण काबरांनी उस्ताद अली अकबर खाँसाहेबांकडे शिकून तिच्यावर राग उभा केला, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ तुम्ही ऐकली असणारच. पुढे विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा, तीही गिटारच बदलून केलेली. १९९४ ला त्यांना ग्रॅमी मिळालं ते कोणाबरोबर, तर राय कूडरबरोबर, तोच वरच्या पत्रातला, ज्यानं ट्रकवाल्याच्या गाण्यात स्लाइड वाजवली होती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा उठून पुन्हा दोन्ही रेकॉर्ड पाठोपाठ लावल्या, आणि खरंच एकच हात आहे.

तुमच्या कामाची अजून एक गोष्ट. नॅशव्हिलचे वादक स्टुडिओत कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची, नावं लिहीत नाहीत, आकडे लिहितात, एक, चार, पाच असे, म्हणजे गायकाची पट्टी बदलली तरी कागद तोच. आपण काळी दोन असो की पांढरी चार, सा म प च म्हणतो, तसंच अगदी.

प्रश्न : मी १९ वर्षांचा, म्हापशाचा. गिटार येते थोडी. पेडल स्टीलची किंमत बघून गप्प बसलो. दुसरा मार्ग आहे का? — म्हापसा

उत्तर : आहे, आणि पेडलच्या आधी तोच करावा. जुनी स्वस्त गिटार घे, मान थोडी वाकडी असली तरी चालेल कारण तार दाबायचीच नाहीये. वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर चढवायची धातूची उंच पट्टी मिळते, ती बसवली की तारा उंच होतात. मग सहावी, पाचवी आणि पहिली तार प्रत्येकी दोन घरं खाली उतरव. जाडीपासून पातळीकडे आता तुला प सा प सा ग प मिळेल. तारा उतरवतोयस, चढवत नाहीयेस, म्हणून तुटायची भीती नाही.

कांडीसाठी दुकान शोधत बसू नको. माझी पहिली कांडी कुडचड्याच्या एका गॅरेजमधून आणलेली ट्रकच्या इंजिनातली जुनी गजन पिन, पिस्टनला जोडलेली असते ना ती. मेस्त्रीनं डिझेलमध्ये बुडवून, चिंधीनं पुसून हातावर ठेवली, थंडगार, आरशासारखी, आणि हाताला असं वजन की तार आपोआप दबून बसली, खरखर एकदम गेली. काच किंवा पातळ पाइपनं ते होत नाही. फक्त कडा बघून घे, खरवड असेल तर तारा खाईल.

कांडी मानेवरच्या दोन फ्रेटच्या, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, मध्ये नाही, पट्टीच्या बरोबर डोक्यावर यायला हवी, आणि वरून बघताना पट्टीला समांतर. कांडीच्या मागे, डावीकडे, करंगळी आणि अनामिका तारांवर हलकी टेकवून ठेव, नाहीतर मागचा भाग भुणभुणत राहतो, सगळे नवे लोक हेच विसरतात. मोबाइलवर तानपुरा लाव, आणि पहिले पंधरा दिवस फक्त सा वरून रे ला जाऊन थांबायचं, डोळे मिटून. कान सांगेल तिथे हात थांबला पाहिजे, डोळे सांगतील तिथे नाही. कंप लगेच द्यायला जाऊ नको, सूर बेसूर लागलेला कंपाखाली झाकला जातो आणि मग ती सवय निघत नाही. महिन्याभरानं कसं चाललंय ते कळव, जमलं तर वाजवलेलं रेकॉर्ड करून पाठव, मी ऐकेन.