वाचक विचारतात: व्हेनिसमधे बोटीचा पास घ्यायचा का?

प्रश्न: मे महिन्यात इटलीला जातोय, मी, नवरा आणि सासू-सासरे. व्हेनिसला तीन दिवस आहोत, हॉटेल मेस्त्रेला (पुलापलीकडे, जमिनीवरचा भाग) घेतलंय कारण तिथे स्वस्त पडतं. एजंट म्हणतो चौघांनाही ७२ तासांचा बोटीचा पास घ्या, पण काहून घ्यायचा ते काही सांगत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि बोटीचं म्हणाल तर आमचा अनुभव अंबाझरी-फुटाळा तलावापुरताच. (प्रतापनगर, नागपूर)

उत्तर: एजंट अर्धा बरोबर आहे बघा. तिथल्या पब्लिक बोटीला वापोरेत्तो म्हणतात, एका वेळचं तिकीट ७५ मिनिटांचं, साडेनऊ युरो, म्हणजे महागच. २४ तासांचा पास २५ युरो, ७२ तासांचा ४५. तीनदा बोटीत बसलात की २४ तासवाला वसूल होतो. पण चालणाऱ्या माणसाला रोज तीनदा बोट लागतच नाही, शहर छोटं आहे आणि गल्ल्यांतून भटकण्यातच खरी मजा आहे. अडचण एवढीच की दर थोड्या अंतरावर पूल, आणि पूल म्हटला की पायऱ्या. म्हणून सासू-सासऱ्यांना ७२ तासांचा घ्या, तुम्हा दोघांना २४ चा पुरे, १८० ऐवजी १४० युरोत काम होतं. (दर बदलत असतात, निघायच्या आधी एकदा बघून घ्या.) हाच पास मेस्त्रेच्या सिटी बसला पण चालतो, एअरपोर्टच्या बोटीला मात्र चालत नाही.

पासचे तास पहिल्यांदा मशीनला लावला तिथून मोजतात, तारखेवर नाही. त्यामुळे तुम्ही दोघं तुमचा पास पहिल्या दिवशी दुपारी सुरू करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बेटांवर निघा, फोंदामेंते नोवे धक्क्यावरून १२ नंबरची बोट मुरानोवरून बुरानोला जाते. आणि हो, चढायच्या आधी दर वेळी पास मशीनला लावायचाच, नाहीतर पास खिशात असूनही दंड बसू शकतो.

आता दिशेचं. सीताबर्डीला आपण मेट्रो लोकमान्यनगरची की प्रजापतीनगरची ते बघूनच चढतो ना, तसंच इथे पण बोर्डवर शेवटचा स्टॉप बघायचा. एकाच स्टॉपला ए, बी असे वेगवेगळे धक्के असतात, नंबर तोच पण बोट उलटीकडे जाणारी. २ नंबरचा तर घोळच आहे, पियाझ्झाले रोमाहून (मेस्त्रेची बस सोडते तो चौक) एका बाजूची ग्रँड कॅनालमधून, म्हणजे शहरातल्या मुख्य कालव्यातून जाते, दुसरी ज्युदेक्का बेटाच्या बाजूने बाहेरून, आणि नवीन माणूस तिथेच फसतो. तुम्ही तिथून सरळ लिदो बेटाकडे जाणारी १ नंबर पकडा, सान मार्कोच्या मुख्य चौकापर्यंत पाऊण तास घेते, जवळजवळ प्रत्येक स्टॉपला थांबते, पण अख्खा ग्रँड कॅनाल बसल्या बसल्या बघून होतो. सकाळी लवकर गेलात तर बसायला जागा मिळेल, दहानंतर बाप्पा, नुसती गर्दी.

प्रश्न: गोंडोलात एकदा तरी बसायचंच आहे पण ९० युरो ऐकून हात आखडतो. काही स्वस्त उपाय? (महाल, नागपूर)

उत्तर: आहे ना! ग्रँड कॅनालवर पूल चारच, म्हणून मधे मधे त्राघेत्तो चालतात. गोंडोलासारखीच बोट, दोन नावाडी, या काठावरून त्या काठावर, दोन युरो. प्रवास दोन-तीन मिनिटांत संपतो आणि गाणंबिणं काही नाही. फोटो मात्र गोंडोलाचाच येतो, घरी कोणाला कळतंय!